जंतू सापडल्यानंतरचा प्रश्न

मृगाचा पाऊस झाला की खानदेशात कपाशीच्या लागवडीची घाई सुरू होते आणि आमच्याकडे जुलाबाच्या नमुन्यांची. मे महिनाभर विहिरींनी तळ गाठलेला असतो, नदीचं पात्र कोरडं ठणठणीत असतं आणि गावाच्या कडेला वर्षभर साचलेली घाण तशीच पडून असते. पहिल्या जोरदार सरींबरोबर ती सगळी ओढ्यात, विहिरीत आणि फुटक्या पाइपलाइनीत उतरते. मग एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन येतो : ‘मॅडम, गावात गॅस्ट्रोची लागण आहे. नमुने पाठवतोय. कॉलरा आहे का, तेवढं लवकर सांगा.’

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या प्रयोगशाळांमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. या कामानं मला जे शिकवलं ते बरंचसं त्या फोनवरच्या प्रश्नातच आहे. ‘कॉलरा आहे का?’ हा ऐकायला एकच प्रश्न वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. नमुन्यात कॉलराच्या जातीचा जंतू आहे का, हा पहिला. तो जंतू विष तयार करतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ येऊ शकतं. नदी-तळ्याच्या पाण्यात तर पुष्कळदा तसंच येतं. या दोन उत्तरांची गल्लत झाली की गाव उगाच घाबरतं किंवा उगाच निर्धास्त होतं. दोन्हींची किंमत मोजावी लागते ती गावालाच.

‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा मुळात पाण्यात राहणारा जीव. नदीच्या मुखाशी, खाडीत, तळ्यात, पाण्यातल्या बारीक जीवांच्या अंगाला चिकटून तो जगतो. त्यासाठी त्याला माणूस लागत नाही. त्याच्या बाह्य आवरणातल्या फरकांवरून दोनशेहून अधिक गट पाडलेले आहेत. मोठ्या साथी आणल्या त्या त्यांतल्या दोनच गटांनी, ओ-१ आणि ओ-१३९ यांनी. ओ-१३९ तर १९९२ मध्ये मद्रास आणि बंगालकडे उद्भवला. बाकीच्या गटांतले बहुतेक जंतू कॉलराचं विष बनवत नाहीत. असं का, याचा उलगडा १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलानोस या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी केला. विषाची जनुकं या जंतूची स्वतःची नाहीत. जंतूंना लागण करणारा एक विषाणू ती जनुकं घेऊन फिरतो आणि ज्या जंतूत शिरतो त्याला विषारी करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जंतूंपैकी एक गाव आडवं पाडतो आणि दुसरा नुसता पाण्यात पोहत राहतो, त्याचं कारण हे.

नोकरीला लागले तेव्हा हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. त्याचा अर्थ नमुन्यांनी शिकवला.

माझ्या सुरुवातीच्या काळातल्या एका वरिष्ठांनी मला पहिलं शिकवलं ते हँगिंग ड्रॉप. रुग्णाच्या पातळ जुलाबाचा थेंब काचेवर लोंबता ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. कॉलराचे जंतू असतील तर नजर ठरत नाही, इतक्या वेगानं ते सुळकन इकडून तिकडे जातात. मग त्याच थेंबात ओ-१ चं अँटिसीरम सोडायचं. धावणारे जंतू जागच्या जागी थांबले, तर ते ओ-१ असण्याची शक्यता फार मोठी. मला ते दृश्य इतकं पटलं की मी लगेच रजिस्टर उघडलं. वरिष्ठ म्हणाले, ‘थांबा. आत्ता तुम्हाला संशय आलाय. रजिस्टरमध्ये संशय म्हणूनच लिहा.’ पेन्सिलीनं ‘संशयित’ लिहून वेळ टाकायची आणि खात्री झाल्यावर शाईनं निष्कर्ष लिहायचा, ही सवय त्या दिवशी लागली. अजून सुटलेली नाही.

नमुन्याचं पुढचं काम दोन दिवसांचं असतं. जुलाबाचा अंश अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये टाकायचा. कॉलराच्या जंतूला आम्ल सोसत नाही; क्षारता मात्र इतर जंतूंपेक्षा जास्त मानवते. त्यामुळे या पाण्यात तो सहा ते आठ तासांत भराभर वाढून वरच्या थराशी गोळा होतो. तेवढ्या वेळात वरचा थर उचलला नाही, तर मागे पडलेले इतर जंतू त्याला गाठतात आणि सगळी मिसळ होते. म्हणून संध्याकाळी नमुना आला की मध्यरात्री किंवा पहाटे कोणीतरी प्रयोगशाळेत यावंच लागतं. मग टीसीबीएस माध्यमाची प्लेट. हे माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नसतं, नुसतं उकळायचं असतं. प्लेट गर्द हिरवी दिसते. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला आणि त्या हिरव्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या चपट्या, चकचकीत, पिवळ्या वसाहती दिसल्या की छातीत धडधडतं. माझ्या नव्या सहकाऱ्यांना तिथेच ‘सापडला’ म्हणावंसं वाटतं.

पण पिवळा रंग एवढंच सांगतो की या जंतूनं माध्यमातली साखर आंबवली. तेवढं दुसरेही काही जंतू करतात. मग ती वसाहत साध्या न्यूट्रिअंट अगारवर पुन्हा वाढवायची, कारण टीसीबीएसवरची वसाहत थेट उचलली तर ऑक्सिडेज चाचणी फसवते. नंतर स्ट्रिंग टेस्ट. काचेवर सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात वसाहत घोळायची. मिनिटाच्या आत ते मिश्रण चिकट होतं आणि लूप वर उचलला की पाकाची तार निघावी तशी तार निघते. मग अँटिसीरमबरोबर गुठळ्या होतात का ते पाहायचं, आणि शेजारी नुसत्या सलाईनचा थेंब ठेवायचाच ठेवायचा. सलाईनमध्येही गुठळ्या झाल्या तर त्या निकालाला अर्थ नाही. गुठळ्या योग्य झाल्या तर ओगावा की इनाबा, हा उपप्रकार ठरवायचा. एवढं झालं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात येतं.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आपल्या देशातलाच आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखनं कोलकात्यात हा जंतू वेगळा केला; पण तो माणसाला मारतो कसा, हे कळायला पाऊणशे वर्षं गेली. १९५९ मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी जंतू वाढवलेलं द्रव गाळून त्यातले जंतू काढून टाकले आणि उरलेलं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं. एकही जिवंत जंतू नसताना तो तुकडा पाण्यानं फुगला. म्हणजे पाणी खेचून घेणारी वस्तू जंतूनं बाहेर टाकलेली होती. त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉलराच्या आजारातलं विषाचं काम दाखवलं. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात मिळवलं, आणि त्यांच्या वाटचालीत हाफकिनच्या सशाच्या पिल्लांची पद्धत उपयोगी पडली. डॉ. डे यांना त्यांच्या हयातीत या शोधाच्या मानानं मान मिळाला नाही, याची मला नेहमी खंत वाटते. नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

या विषाचे दोन भाग असतात. पाच सारख्या घटकांचं एक कडं आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला पकडतं, आणि मधला एक घटक पेशीत शिरून तिथली एक कळ कायमची चालू करून ठेवतो. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, क्षारामागे पाणी जातं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी निघून जाऊ शकतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हे. जंतू रक्तात शिरत नाही, आतडं पोखरत नाही. माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्यानं. म्हणूनच मीठ-साखरेचं पाणी इतकं परिणामकारक ठरतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ते हजारो रुग्णांना पाजून दाखवलं. उपचार न झालेल्या तीव्र कॉलरात निम्म्यापर्यंत माणसं दगावतात. वेळेवर पाणी भरून काढलं तर शंभरात एकही दगावू नये.

हे विष प्रयोगशाळेत पकडणं मी शिकले ते टप्प्याटप्प्यानं. पूर्वी सशाचं आतडं किंवा पेशींच्या कल्चरवर काम चाले. मग लॅटेक्सची चाचणी आली : विषाच्या प्रतिपिंडांनी मढवलेले बारीक कण जंतूच्या द्रवात मिसळून रात्रभर ठेवायचे, विष असेल तर कण एकमेकांना धरून तळभर पसरतात, नसेल तर मधोमध ठिपका होऊन बसतात. जीएम-१ चा थर दिलेल्या प्लेटवरची एलायझाही आहे. या चाचण्यांनी मला आणखी एक अवघड गोष्ट शिकवली. एल टॉर प्रकारचा जंतू, जो १९६१ पासूनच्या सातव्या महासाथीत जगभर पसरला, तो साध्या माध्यमात विष फार कंजुषीनं बनवतो. त्याला एकेआय नावाच्या खास माध्यमात आधी न हलवता आणि मग हलवत वाढवावं लागतं. तसं केलं नाही तर विष बनवू शकणारा जंतूही ‘विष नाही’ असा निकाल देतो. म्हणजे चाचणी ‘नाही’ म्हणाली तर आधी हे विचारायचं, की त्या जंतूला ‘हो’ म्हणायची संधी आपण दिली होती का?

पीसीआरनं हे काम सोपं केलं. विषाचं जनुक आहे की नाही, ते थेट बघता येतं. जंतू पाण्यात उकळायचा, फिरवून वरचं पाणी घ्यायचं, यंत्रात घालायचं, आणि जेलवर योग्य जागी पट्टा उमटतो का ते बघायचं. आमच्या जिल्ह्यांत बरीच वर्षं यासाठी जंतू बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागत आणि उत्तर येईपर्यंत साथ संपलेली असे. २०२० मध्ये कोविड आला आणि धुळे-जळगावात आरटीपीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यंत्रं आली, त्याहून मोलाचं म्हणजे पिपेट हातात धरायला न घाबरणारी तरुण मुलं-मुली तयार झाली. ते यंत्र कोविडपुरतं नाही, जुलाबाच्या जंतूंसाठीही आहे, हे तेव्हापासून मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे.

आता काही प्रसंग सांगते. गावांची आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

खानदेशात यात्रांना तोटा नाही. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्यात चैत्रात एकवीरा देवीची. पूर्वी पंढरीच्या वारीबरोबर पटकी म्हणजे कॉलरा गावोगाव फिरायची, तेव्हापासून यात्रेचं पाणी ही आरोग्य खात्याची जुनी काळजी आहे. अशाच एका यात्रेच्या आधी नदीतल्या डोहाच्या पाण्यातून आमच्या प्लेटवर पिवळ्या वसाहती आल्या. तार निघाली, ऑक्सिडेज बरोबर, पण ओ-१ आणि ओ-१३९ दोन्ही अँटिसीरमशी गुठळ्या नाहीत. तोवर कुणाकडून तरी बातमी फुटली आणि यात्रेत कॉलरा असल्याची कुजबुज सुरू झाली. दुकानदार हवालदिल झाले. वरून दडपण दोन बाजूंनी आलं. एकजण म्हणाला, ‘जंतू आहे ना? मग कॉलरा लिहा, जबाबदारी टळेल.’ दुसरा म्हणाला, ‘कॉलरा नाही ना? मग पाणी चांगलं लिहून टाका.’

दोन्ही लिहिणं खोटं ठरलं असतं. जंतू पुढे पाठवला, त्यात विषाचं जनुक नाही असं कळलं. अहवालात मी लिहिलं की साथीच्या गटाचा, विष करणारा कॉलराचा जंतू या नमुन्यात आढळला नाही. मात्र पाण्यात विष्ठेतले जंतू भरपूर आहेत, हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. यात्रा झाली, पिण्यासाठी टँकर लागले, टँकरमध्ये क्लोरीन आहे का ते दिवसातून अनेकदा तपासलं गेलं. कॉलरा नाही म्हणजे पाणी चांगलं असा अर्थ होत नाही, हे त्या वेळी मला स्वतःलाच नीट उमगलं. तेव्हापासून पाण्याच्या अहवालात ही दोन वाक्यं मी कधी एकत्र केली नाहीत.

दुसरा प्रसंग पांझरेच्या खोऱ्यातल्या एका गावाचा. जुलाबाचे रुग्ण वाढत होते, पण आमच्याकडे आलेल्या सगळ्या नमुन्यांत काहीच वाढेना. सरपंचांनी अहवालाची झेरॉक्स चावडीवर लावली आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकायचं थांबलं. मी फोन करून विचारलं, नमुने कधी घेतले? खाजगी दवाखान्यात सलाईन आणि डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी. शिवाय ते फ्रिजमध्ये ठेवून पाठवलेले. अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू प्लेटवर वाढत नाहीत, आणि थंडीत कॉलराचा जंतू मलूल होतो. त्याला कॅरी-ब्लेअर माध्यमात साध्या तापमानालाच आणावं लागतं. मी तिथल्या आशाताईंना विनंती केली की नव्यानं आजारी पडणाऱ्याचा नमुना, पहिली गोळी द्यायच्या आधी, स्वॅबवर घेऊन कॅरी-ब्लेअरच्या नळीत ठेवा. तसे नमुने आले आणि पहिल्याच खेपेला ओ-१ ओगावा वाढला. त्या आशाताईंचं शिक्षण फार नव्हतं. पण साथीचं निदान ज्या क्षणी ठरलं, त्या क्षणी नळी त्यांच्या हातात होती.

‘वाढला नाही’ आणि ‘नव्हता’ यांत फरक आहे, हे लिहिताना फार जपावं लागतं. त्यानंतर आमच्या अहवालात नमुना कधी घेतला, औषध सुरू होतं का, कसा आणला, हे निकालाच्या शेजारीच येऊ लागलं. सुरुवातीला लोकांना तो कागद लांबलचक वाटायचा. आता फोनवर तेच आधी सांगतात.

तिसऱ्या प्रसंगानं माझी कामाकडे बघण्याची दृष्टीच बदलली. आमच्या शहरांत आणि मोठ्या गावांत नळाला पाणी दिवसाआड, तिसऱ्या दिवशी, कुठे आठवड्यानं येतं. लोक दाब मिळावा म्हणून नळाखाली खड्डा करून त्यात उतरून पाणी भरतात, नळाला मोटर लावतात. तापीकाठच्या एका मोठ्या गावात एकाच गल्लीतली माणसं आजारी पडत होती. जंतू ओ-१, विषाचं जनुक आहे, दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळालेली. तरी टाकीतलं पाणी स्वच्छ, टाकीजवळच्या नळाला क्लोरीन बरोबर. मी गल्लीत गेले. ओटी टेस्टचे दोन थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं होत होतं. आत गेलं की पाणी तसंच पांढरं.

तिथला व्हॉल्व्हमन बराच वेळ आमच्यामागून चालत होता. शेवटी म्हणाला, ‘ताई, एक सांगू? हा व्हॉल्व्हचा खड्डा बघा. गटारीचं पाणी यात नेहमी भरलेलं असतं. मी पाणी सोडतो तोवर भरलेला, आणि पाणी बंद केलं की थोड्या वेळानं खड्डा आपोआप रिकामा होतो. हे पाणी जातं कुठं, मला कळत नाही.’

मला मात्र तत्क्षणी कळलं. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते, आणि व्हॉल्व्हच्या सैल झालेल्या पॅकिंगमधून खड्ड्यातलं गटाराचं पाणी पाइप ओढून घेतो. पुढच्या वेळी नळ सोडला की तेच पाणी पहिल्या भांड्यात पडतं. खड्ड्यातलं पाणी आणि गटारीत दोन दिवस टांगून ठेवलेला गॉजचा गुंडाळा आम्ही तपासला. मूर स्वॅब म्हणतात त्याला, वाहत्या पाण्यातला जंतू पकडायची ही जुनी आणि भरवशाची रीत. दोन्हींत तोच ओगावा. पॅकिंग बदललं, व्हॉल्व्हचा खड्डा बांधून उंच केला, नवे रुग्ण थांबले.

तो माणूस ही गोष्ट कितीतरी काळ डोळ्यांनी बघत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही जनुकापर्यंत पोचलो होतो आणि त्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो. त्यानंतर साथीच्या गावात गेले की आरोग्य केंद्राच्या आधी मी व्हॉल्व्हमनला भेटते.

सातपुड्यातल्या पाड्यांचं पाणी वेगळं. चोपडा, यावल, शिरपूरच्या वरच्या अंगाला पावरा आणि भिल्ल वस्त्यांत उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी पितात. तिथे दोन दिवसांच्या कल्चरची वाट बघत बसता येत नाही. म्हणून झटपट पट्टीची चाचणी घेऊन जातो. पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते. पट्टी ओ-१ आणि ओ-१३९ चं आवरण ओळखते, विष ओळखत नाही, हे मी सोबतच्या प्रत्येकाला सांगते. पट्टीवर साथीचा पहारा सुरू करावा, पण शिक्कामोर्तब कल्चर आणि विषाच्या तपासणीनंतरच करावं. एका पाड्यावर एक आजी लुगड्याच्या जुन्या कापडाची घडीवर घडी घालून हंड्यात पाणी गाळत होत्या. मला विचारलं, ‘पानी चांगलं शे ना?’ मी त्यांना सांगितलं की गाळणं सोडू नका आणि जमलं तर उकळाही. बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या गटानं नेमकं हेच तपासलं होतं. सुती साडीच्या चार-पाच घड्यांतून पाणी गाळलं तर पाण्यातल्या ज्या बारीक जीवांना कॉलराचे जंतू चिकटलेले असतात ते अडतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या गावांतला कॉलरा सुमारे निम्म्यानं घटला होता. त्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली आणि उकळायला लाकूड कुठून आणू, असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लोरीनच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या.

२०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत, उघड्या विहिरीच्या पाण्यानं कॉलरा झाला आणि माणसं दगावली. ती बातमी वाचताना मला आमचे पाडे दिसत होते. तोच सातपुडा, तेच पावसाचं पहिलं पाणी, तशाच विहिरी. हा आजार इतिहासजमा झालेला नाही.

कामातल्या अडचणींबद्दलही सरळ सांगायला हवं. भारनियमनाच्या काळात इन्क्युबेटर रात्रीतून बंद पडायचे. मे महिन्यात उलट त्रास : इन्क्युबेटर ३७ अंशांवर लावलेला आणि खोलीच बेचाळीस-त्रेचाळीसवर. साध्या इन्क्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. थंडावा देणारा बीओडी इन्क्युबेटर मिळेपर्यंत आम्ही पेट्या सगळ्यांत थंड खोलीत हलवायचो आणि दर खेपेला ओळखीचा जंतू कंट्रोल म्हणून सोबत लावायचो. तो नीट वाढला तरच बाकीच्या प्लेट वाचायच्या. कंट्रोल बिघडला त्या दिवशी निकाल द्यायचा नाही, कितीही फोन आले तरी. ‘आज सांगता येत नाही’ हे वाक्य उच्चारायला या कामात सगळ्यांत जास्त धीर लागतो, आणि तरुणांना मी तो धीर आधी शिकवते, पीसीआर नंतर.

जळगावकडच्या कितीतरी गावांत मरीमातेच्या यात्रेला बारागाड्या ओढल्या जातात. एका गावात मरीमातेच्या ओट्यावर बसूनच आम्ही नमुने घेतले, कारण सावली तेवढीच होती. तिथले एक आप्पा सांगत होते की त्यांच्या आजीच्या वेळी पटकीनं एका आठवड्यात घरंच्या घरं रिकामी झाली, आणि तेव्हा लोकांच्या हातात या देवळाशिवाय काही नव्हतं. त्यांच्या आजीच्या काळात आणि आपल्या काळात जो फरक पडला आहे, त्यात डॉ. डे यांच्या सशाचा, हाफकिनमधल्या पिल्लांचा, मीठ-साखरेच्या पाण्याचा आणि टीसीएलच्या पिशवीचा वाटा आहे. तो फरक टिकवणं हे आता आपल्याकडे आलेलं काम आहे.

म्हणून एवढ्या वर्षांनंतर माझं मागणं साधं आहे. जुलाबाची साथ दिसली की पहिल्या गोळीच्या आधी नमुना घ्या आणि कॅरी-ब्लेअरमध्ये पाठवा. दोन्ही जिल्ह्यांत वेगळा केलेला कॉलराचा प्रत्येक जंतू विषासाठी इथल्या इथे तपासला जावा. यंत्रं आहेत, माणसं आहेत, फक्त रसायनं आणि आदेश हवेत. अहवालात ‘आढळला नाही’ याच्या शेजारी नमुन्याची हकिगत लिहा. आणि त्या अहवालाची एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्याला, एक ग्रामपंचायतीला जाते, तशी तिसरी जलसुरक्षकाला किंवा व्हॉल्व्हमनला द्या, त्याला कळेल अशा मराठीत. रोग आम्ही ओळखतो, पण तो थांबवणारा पाना त्याच्या हातात असतो.